कुंडलिकेचे पाणी आणि एका दिवसाचे साहस

शनिवार-रविवारची पहाट झाली, की मुंबई आणि पुण्याहून निघालेल्या छोट्या-मोठ्या गाड्या रायगड जिल्ह्यातील कोलाडच्या दिशेने धावू लागतात. मुंबईकर गोवा महामार्गाने सुमारे सव्वाशे किलोमीटरचे अंतर कापतात, तर पुणेकर ताम्हिणी घाट उतरून येतात. कार्यक्रम ठरलेला असतो. सकाळची न्याहारी, कुंडलिका नदीतील दोन-अडीच तासांचे रॅफ्टिंग, दुपारचे जेवण, त्यानंतर दोरावरून नदी ओलांडणे, कड्यावरून दोराने उतरणे, शांत पाण्यात कयाक वल्हवणे आणि सूर्यास्तापूर्वी परतीचा प्रवास. आठवडाभर कार्यालयात अडकलेल्या शहरी मध्यमवर्गाला एका दिवसात, मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली आणि ठरलेल्या रकमेत साहसाचा अनुभव देणारी ही सहल गेल्या दोन दशकांत चांगलीच रुजली आहे.

या व्यवसायाविषयी बोलताना चर्चा बहुधा जीवरक्षक जाकिटे, शिरस्त्राणे आणि प्रशिक्षित मार्गदर्शक यांच्याभोवती फिरते. ती आवश्यकच आहे. तथापि, ज्या पाण्यावर हा सारा डोलारा उभा आहे ते कुठून येते, कोण सोडते, केव्हा सोडते आणि ते मिळण्याची हमी कोणाकडे आहे, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात. कोलाडच्या साहसी पर्यटनाची सुरक्षितता आणि त्याचे भवितव्य या दोहोंची उत्तरे त्या प्रश्नांत दडलेली आहेत.

अवजलावरचा व्यवसाय

भारतातील रॅफ्टिंगचे सर्वांत मोठे केंद्र असलेल्या हृषीकेश परिसरात गंगेला हिमालयातील बर्फाचे आणि पावसाचे पाणी मिळते. पावसाळ्यात तेथे नदी धोकादायक होते आणि रॅफ्टिंग बंद ठेवावे लागते. गोव्यात म्हादई नदीवर २०१२ मध्ये सुरू झालेले रॅफ्टिंग याच्या अगदी उलट, केवळ पावसाळ्यापुरते चालते. कुंडलिकेची तऱ्हा या दोहोंपेक्षा निराळी आहे. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरील अन्य नद्यांप्रमाणे तीही स्वभावतः पावसाळी नदी आहे. पावसाळा संपल्यावर काही महिन्यांत तिचे पात्र रोडावायला हवे होते. प्रत्यक्षात मात्र मे महिन्याच्या कडक उन्हाळ्यातही तिच्यात सकाळी काही तास रबरी होड्या उसळ्या मारीत जाण्याइतके पाणी असते.

हे पाणी मुळात कुंडलिकेचे नव्हे. पुणे जिल्ह्यात मुळा नदीवर बांधलेल्या मुळशी धरणाचे ते पाणी आहे. निसर्गाच्या नियमाने ते मुळा, भीमा आणि कृष्णा या मार्गाने बंगालच्या उपसागराला मिळाले असते. ते बोगदा आणि जलवाहिन्यांद्वारे पश्चिमेकडे वळवून, सुमारे पाचशे मीटर खाली असलेल्या भिरा येथील टाटांच्या वीजगृहात आणले जाते. १९१५ मध्ये खोपोली, १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा अशी ही तीन वीजगृहे मुंबईच्या औद्योगिक वाढीचा पाया ठरली. भिरा येथे वीज निर्माण झाल्यावर बाहेर पडणारे पाणी, म्हणजे अवजल, खाली साठवून त्यावर महानिर्मितीचा ८० मेगावॉट क्षमतेचा आणखी एक प्रकल्प रवाळजे येथे चालविला जातो. तेथील संच सुरू झाले, की पाणी कुंडलिकेच्या पात्रात उतरते. त्याच सुमारास साजे गावाजवळ तराफे पाण्यात ढकलले जातात आणि बारा-तेरा किलोमीटरचा प्रवास करून कामत गावाजवळ काठाला लागतात. पुढे हेच पाणी डोलवहाळ बंधाऱ्यावर अडवून कालव्यांद्वारे शेतीला आणि रोहा परिसरातील उद्योगांना पुरविले जाते.

थोडक्यात, एकाच पाण्यातून दोनदा वीज, नंतर शेती व उद्योग, आणि मधल्या टप्प्यात पर्यटन अशी ही साखळी आहे. या साखळीतील पहिल्या आणि शेवटच्या कड्यांना करार, परवाने आणि पाण्याचे कोटे आहेत. मधल्या कडीला यांतील काहीही नाही. पर्यटनासाठी पाणी सोडले जात नाही. वीजनिर्मितीसाठी सोडलेल्या पाण्याचा पर्यटन लाभ उठवते, एवढेच. संच देखभालीसाठी बंद राहिला किंवा विजेची मागणी कमी असली, तर किनाऱ्यावर उभ्या असलेल्या शे-दोनशे पर्यटकांना तिष्ठत राहावे लागते आणि संयोजकाला कोणाकडे दादही मागता येत नाही.

लार्जीचा धडा

पाणी वेळेवर न येणे ही गैरसोय झाली. अनपेक्षितपणे येणे हा मात्र जिवावरचा धोका ठरू शकतो. ८ जून २०१४ रोजी हिमाचल प्रदेशात मंडी जिल्ह्यात बियास नदीच्या पात्रात उतरलेल्या हैदराबादच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील २४ विद्यार्थ्यांचा आणि सहलीच्या संयोजकांपैकी एकाचा मृत्यू झाला. वरच्या बाजूच्या लार्जी जलविद्युत प्रकल्पातून पाणी सोडण्यात आले होते. विजेची निर्मिती घटविण्याची सूचना भार नियंत्रण केंद्राकडून आली, संचांकडे जाणारे पाणी रोखले गेले आणि साठलेले पाणी दरवाजांतून नदीत सोडावे लागले. खडकांवर उभे राहून छायाचित्रे काढणाऱ्या त्या मुलांना पुरेसा इशारा मिळाला नाही. हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मृतांच्या पालकांना प्रत्येकी २० लाख रुपयांची भरपाई देण्याचा आदेश दिला आणि तिचा भार वीज मंडळ, महाविद्यालय व राज्य शासन या तिघांवर टाकला.

ही दुर्घटना रॅफ्टिंगची नव्हती. परंतु तिची कारणे समजून घेतली, तर कोलाडसाठी तिचे महत्त्व ध्यानात येते. जलविद्युत प्रकल्पाखालची नदी पावसाच्या नव्हे, तर विजेच्या मागणीच्या तालावर वाहते. आकाश निरभ्र असताना तिला पूर येऊ शकतो. कोलाडचे अनुभवी संयोजक पाणी येण्याची वाट पाहतात आणि प्रवाह स्थिरावल्यावरच तराफे सोडतात. ही माहिती त्यांना रोजच्या सरावाने आणि ओळखीपाळखीने मिळते. मात्र नदीकाठी परस्पर येऊन डबे उघडणारी कुटुंबे, पात्रात पोहायला उतरणारी महाविद्यालयीन मुले किंवा कपडे धुणाऱ्या स्त्रिया यांना वरच्या वीजगृहात काय घडते आहे याची कल्पना असेलच असे नाही. पाणी सोडण्याचे वेळापत्रक ही व्यवसायातील जाणकारांची खासगी माहिती न राहता सार्वजनिक माहिती व्हायला हवी. भोंगे, मराठीतील ठळक सूचनाफलक आणि मोबाइलवर जाणारे इशारे यांचा खर्च, वाचणाऱ्या जिवांच्या तुलनेत नगण्य आहे.

नियमांची सावकाश वाटचाल

साहसी पर्यटनाचे नियमन करण्यात महाराष्ट्राने घाई केली असे म्हणता येणार नाही. हिमालयातील एका पदभ्रमण मोहिमेत विद्यार्थ्याचा मृत्यू झाल्यानंतर मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली, आणि तिच्या रेट्यामुळे २०१४ मध्ये व पुन्हा २०१८ मध्ये शासन निर्णय निघाले. त्यांतील काही अटी गिर्यारोहण संस्थांना अव्यवहार्य वाटल्या आणि वाद झाले. अखेरीस ऑगस्ट २०२१ मध्ये राज्याने साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर करून जमीन, पाणी आणि हवा या तिन्ही प्रकारांतील उपक्रमांसाठी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी बंधनकारक केली. केंद्राच्या पातळीवर २०१८ हे साहसी पर्यटनाचे वर्ष म्हणून साजरे झाले आणि त्याच वर्षी देशभरासाठी मार्गदर्शक तत्त्वेही प्रसिद्ध झाली.

उत्तराखंडात न्यायालयाने याहून कठोर पवित्रा घेतला. जून २०१८ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने, राज्य सरकार योग्य नियम करीत नाही तोवर रॅफ्टिंगसह जलक्रीडा आणि पॅराग्लायडिंग बंद ठेवण्याचा आदेश दिला. त्याआधी डिसेंबर २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने कौडियाला ते हृषीकेश या पट्ट्यात गंगेच्या वाळूवर उभारल्या जाणाऱ्या तंबूंना मनाई केली होती. ज्या उद्योगाने स्वतःला वेळेवर शिस्त लावली नाही, त्याला न्यायालयाच्या एका आदेशाने टाळे लागू शकते, हा या घटनांचा अर्थ होय.

महाराष्ट्रात नियम कागदावर आले आहेत. प्रश्न आहे तो ग्राहकापर्यंत त्यांचा उपयोग पोहोचण्याचा. शहरी ग्राहक सहल आरक्षित करतो ती बहुतेकदा मोबाइलवरील एखाद्या मध्यस्थामार्फत. तो पैसे एका संस्थेला देतो, गाडी दुसऱ्याची असते, तराफा तिसऱ्याचा आणि दुपारच्या दोरखेळांची व्यवस्था चौथ्याची. नोंदणी यांपैकी कोणाची आहे, हे त्याला कळत नाही आणि तोही विचारत नाही. नदीकाठी पोहोचल्यावर त्याच्यापुढे इंग्रजी मजकुराचा एक कागद येतो. सर्व जोखीम आपलीच असल्याचे त्यात लिहिलेले असते आणि तो न वाचता सही करतो. अशा सहीमुळे संयोजकाची काळजी घेण्याची जबाबदारी संपते, हा समज चुकीचा आहे. जोखीम पत्करणे आणि दुसऱ्याचा हलगर्जीपणा पत्करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ‘अनुचित करार’ ही संकल्पना आणून एकतर्फी अटींना आव्हान देण्याची वाटही दिली आहे.

एका दिवसात अनेक साहसे

एकाच दिवसात चार-पाच उपक्रम बसविणारी सहल स्वस्त आणि आकर्षक ठरते. परंतु तिच्यात धोक्याचा एक वेगळा प्रकार असतो. नद्यांच्या वेगवान टप्प्यांची आंतरराष्ट्रीय प्रतवारी एक ते सहा अशी केली जाते. कुंडलिकेचे बहुतेक टप्पे दोन आणि तीन या प्रतींचे आहेत. चांगला मार्गदर्शक, घट्ट बसणारे जाकीट आणि शिरस्त्राण असेल तर पोहता न येणारी व्यक्तीही तेथे रॅफ्टिंग करू शकते. पाण्यात पडल्यास उभे राहण्याची धडपड न करता पाठीवर झोपावे, पाय प्रवाहाच्या दिशेने वर ठेवावेत आणि फेकलेला दोर पकडावा, ही सूचना प्रत्येक तराफ्यावर द्यावयाची असते. वाहत्या पाण्यात उभे राहणाऱ्याचा पाय खडकाच्या कपारीत अडकला, तर कमरेएवढे पाणीही प्राणघातक ठरते.

नदीवर तयार झालेला मार्गदर्शक दोरावरच्या कामात निपुण असेलच असे मात्र नाही. तेथे दोर कशाला बांधला आहे, एक आधार सुटला तर दुसरा आहे काय, कंबरपट्टा कोणी तपासला, जीर्ण दोर केव्हा बाद केला, हे प्रश्न महत्त्वाचे असतात. नदीची कौशल्ये आणि कड्याची कौशल्ये ही स्वतंत्र शास्त्रे आहेत. सकाळी तराफ्यावर असलेला तरुण दुपारी दोर सांभाळताना दिसला, तर त्याने त्याचे वेगळे प्रशिक्षण घेतले आहे काय, हे विचारण्याचा अधिकार ग्राहकाला आहे. शिवाय पहाटे निघालेले, सकाळी वल्ही मारून दमलेले आणि भरपेट जेवलेले पर्यटक दुपारी दोरावर चढतात, तेव्हा त्यांची एकाग्रता ओसरलेली असते. उपक्रमांची संख्या वाढविण्यापेक्षा त्यांत पुरेसा अवकाश ठेवणे अधिक शहाणपणाचे आहे. हाच न्याय गाडीच्या चालकालाही लागू होतो. पहाटेपासून जागा असलेला चालक रात्री महामार्गावरून किंवा घाटातून गाडी परत नेतो, तो प्रवासही सहलीचाच भाग आहे.

विजेचे बदलते गणित

सुरक्षेचे प्रश्न नियमांनी सुटू शकतील. पाण्याचा प्रश्न तेवढा सरळ नाही. त्याला दोन बाजूंनी आव्हान आहे.

पहिले आव्हान विजेच्या क्षेत्रातून येते. देशात सौरऊर्जेचे प्रमाण वाढते आहे. दिवसा सूर्यापासून मिळणारी वीज मुबलक होत जाईल, तसे इच्छेनुसार सुरू-बंद करता येणारे जलविद्युत संच सूर्यास्तानंतरच्या मागणीसाठी राखून ठेवण्याकडे कल वाढणे स्वाभाविक आहे. धरणाचे पाणी वर-खाली खेळवून वीज साठविणाऱ्या उदंचन प्रकल्पांनाही याच कारणाने मागणी आली आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये राज्य शासन आणि टाटा पॉवर यांच्यात भिवपुरी व शिरवटा येथे मिळून २८०० मेगावॉट क्षमतेच्या अशा दोन प्रकल्पांसाठी सामंजस्य करार झाला. उद्या रवाळजे येथील पाणी सकाळऐवजी सायंकाळी सोडणे वीजव्यवस्थेच्या दृष्टीने श्रेयस्कर ठरले, तर कोलाडची एका दिवसाची सहल एका फटक्यात अशक्य होईल. अंधारात कोणी रॅफ्टिंग करीत नाही.

दुसरे आव्हान अधिक मूलभूत आहे. भीमा खोऱ्यातील दुष्काळाच्या प्रत्येक वर्षी, टाटांच्या धरणांतील पाणी पश्चिमेला वळविण्याऐवजी त्याच्या मूळ खोऱ्यात सोडावे, ही मागणी पुढे येते. पुण्याच्या वाढत्या लोकसंख्येसाठीही मुळशीच्या पाण्याकडे डोळे लागलेले आहेत. कृष्णा पाणीवाटपाच्या बच्छावत लवादाने १९७६ मध्ये टाटांच्या प्रकल्पांसाठी खोऱ्याबाहेर नेण्याच्या पाण्यावर कोणत्याही एका वर्षात ५४.५ अब्ज घनफूट आणि सलग पाच वर्षांत २१२ अब्ज घनफूट अशी मर्यादा घातली. म्हणजेच हे पाणी वळविणे हा निसर्गदत्त हक्क नसून वाटाघाटीचा विषय आहे, हे अर्ध्या शतकापूर्वीच मान्य झालेले आहे. पिण्याचे पाणी आणि पर्यटन यांत निवड करण्याची वेळ आली, तर पर्यटनाने मागे सरणेच न्याय्य ठरेल. प्रश्न एवढाच, की त्या दिवशी तराफ्यावर पोट असलेल्या माणसांचे काय करायचे, याचा विचार कोणी केलेला असेल काय?

मुळशीचे ऋण

या पाण्याला एक इतिहासही आहे. मुळशी धरणासाठी मावळातील गावांच्या जमिनी पाण्याखाली जाणार म्हणून १९२१ मध्ये शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापट यांनी त्याचे नेतृत्व केले आणि ते ‘सेनापती’ म्हणून ओळखले जाऊ लागले ते याच लढ्यामुळे. मोठ्या धरणाविरुद्ध विस्थापितांनी उभारलेल्या जगातील आरंभीच्या संघटित लढ्यांत त्याची गणना होते. लढा मोडला गेला, धरण झाले, मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळाली. बुडालेल्या गावांवरून आलेल्या पाण्यात शंभर वर्षांनंतर शहरी पर्यटक जलक्रीडेचा आनंद घेतात, यात त्यांचा काही अपराध नाही. मात्र पाण्याच्या लाभात काठावरच्या माणसांना वाटा न देण्याची जी प्रथा तेव्हा पडली, ती पर्यटनातही चालू राहू नये, एवढी अपेक्षा रास्त आहे.

सुरुवातीच्या काळात कोलाडच्या तराफ्यांवर प्रामुख्याने नेपाळ आणि उत्तराखंडातून आलेले मार्गदर्शक असत. पुढे आसपासच्या गावांतील तरुणही हे काम शिकले. ही समाधानाची बाब आहे. परंतु मार्गदर्शक होणे, स्वयंपाक करणे, तराफे वाहून नेणे यापलीकडे, म्हणजे उद्योगाच्या मालकीत आणि निर्णयांत, स्थानिकांचा वाटा वाढायला हवा. ग्रामपंचायतींना ठरावीक शुल्क मिळाले आणि त्यातून बचाव पथक, रुग्णवाहिका व कचरा व्यवस्थापन यांचा खर्च भागला, तर गावाला पर्यटनाचा त्रास न वाटता आधार वाटेल.

एक परदेशी दाखला

पर्यटनासाठी पाण्याची हमी ही कल्पना अनाठायी वाटू शकते. अमेरिकेतील टेनेसी राज्यातील ओकोई नदीचे उदाहरण या संदर्भात पाहण्यासारखे आहे. १९१३ पासून त्या नदीचे पाणी डोंगरकडेने जाणाऱ्या लाकडी पाटातून वीजगृहाकडे नेले जाई आणि मूळ पात्र कोरडे पडे. १९७६ मध्ये पाट जीर्ण झाल्याने बंद करावा लागला, पाणी पात्रात परतले आणि तेथे रॅफ्टिंगचा व्यवसाय फोफावला. पाट दुरुस्त झाल्यावर पाणी पुन्हा काढून घेतले जाणार, तेव्हा व्यावसायिक आणि स्थानिक जनता एकवटली. बुडणाऱ्या विजेच्या मोबदल्यापोटी अमेरिकी काँग्रेसने सुमारे ७४ लाख डॉलरची तरतूद केली आणि वर्षातील ११६ दिवस पात्रात पाणी सोडण्याचा दीर्घ मुदतीचा करार झाला. पुढे १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमधील कयाक शर्यती याच नदीवर झाल्या.

कोलाडला एवढ्या मोबदल्याची गरज नाही, कारण तेथे वीज बुडत नाही. गरज आहे ती वीजनिर्मिती, पाटबंधारे आणि पर्यटन या तीन यंत्रणांनी एकत्र बसून एक लेखी व्यवस्था ठरविण्याची. पाणी सोडण्याच्या वेळा आदल्या दिवशी जाहीर करणे, त्यांत अकस्मात बदल झाल्यास कोणी कोणाला कळवायचे हे निश्चित करणे, नदी एका वेळी किती तराफे सामावून घेऊ शकते हे ठरविणे आणि नोंदणीकृत संयोजकांची यादी प्रत्येक ग्राहकाला पडताळता येईल अशी ठेवणे, या चार गोष्टींना ना मोठा निधी लागतो, ना नवा कायदा.

पावसाळ्यात धबधबे आणि धरणांवर दुर्घटना घडल्या, की जिल्हा प्रशासन मनाई आदेश काढते. जून २०२४ मध्ये लोणावळ्यात भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेल्यानंतरही तेच झाले. मनाई हा तातडीचा उपाय आहे, धोरण नव्हे. माणसे पाण्याकडे जाणारच. त्यांनी प्रशिक्षित मार्गदर्शकासोबत, नोंदणीकृत संस्थेमार्फत आणि ज्ञात प्रवाहात जावे, यासाठी कोलाडसारखी केंद्रे हा खरे तर उत्तम पर्याय आहे. तो विश्वासार्ह ठेवायचा असेल, तर वीजगृहातून सुटणारे पाणी आणि त्यावर स्वार होणारा पर्यटक यांच्यामध्ये आज असलेली केवळ ओळखीपाळखीची व्यवस्था जाऊन तेथे जबाबदारीची व्यवस्था यावी लागेल. ती एखाद्या लार्जीनंतर येण्यापेक्षा आधी आलेली बरी.